स्विच रीबूट करण्याआधी: चालू कॉन्फिग, सेव्ह केलेलं कॉन्फिग आणि दोन्हींमधला फरक

काट्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असते आणि फोन येतो, "साहेब, पावती निघंना झालीया. तो डबा बंद करून चालू करू काय?" गळीत हंगामातला साखर कारखाना असो, शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली फाउंड्री असो, नाहीतर राजारामपुरीतलं चार मजली हॉस्पिटल असो, नेटवर्क अडकलं की पहिला हात स्विचच्या, म्हणजे संगणक, प्रिंटर, कॅमेरे एकमेकांना जोडणाऱ्या डब्याच्या, प्लगकडे जातो. या फोनला बरोबर उत्तर एकच आहे: "पाच मिनिटं थांबा, आधी बघू." ती पाच मिनिटं नेमकी कशात घालवायची, ते इथे क्रमाने दिलं आहे.

सगळ्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच त्या इंग्रजी अक्षरांत कराव्या लागतील. मुख्य उदाहरण सिस्को कंपनीच्या कॅटॅलिस्ट स्विचचं घेतलं आहे. बाकी कंपन्यांचे फरक जागोजागी सांगितले आहेत.

रीबूटने नेमकं काय पुसतं

मॅनेज्ड स्विचमध्ये, म्हणजे ज्याच्या सेटिंग बदलता येतात अशा स्विचमध्ये, कॉन्फिगरेशनच्या (सगळ्या सेटिंगच्या यादीच्या) दोन प्रती असतात. रनिंग-कॉन्फिग रॅममध्ये असतं आणि स्विच त्या क्षणी त्यावरच चालतो. स्टार्टअप-कॉन्फिग कायमच्या मेमरीत असतं. कॅटॅलिस्ट २९६० मालिकेत ते फ्लॅशमध्ये 'कॉन्फिग डॉट टेक्स्ट' नावाच्या फाइलमध्ये दिसतं. स्विच सुरू होताना स्टार्टअपची प्रत रॅममध्ये येते. त्यानंतर तुम्ही केलेला प्रत्येक बदल लगेच लागू होतो, पण सेव्ह करेपर्यंत तो फक्त रॅममध्येच राहतो.

खरा धोका इथेच आहे. मार्चमध्ये कुणीतरी कॅमेऱ्यांसाठी व्हीलॅन ३० (त्याच स्विचवरचं वेगळं आभासी नेटवर्क) टाकला, सगळं चाललं, आणि सेव्ह करायचं राहिलं. तीन महिने कुणालाच काही कळत नाही. जूनमध्ये रात्री दोन वाजता लाइट जाते, यूपीएसची बॅटरी दमते, स्विच पुन्हा उठतो आणि कॅमेरे गायब. सगळे म्हणतात, लाइट गेल्यामुळे स्विच बिघडला. स्विच ठणठणीत असतो. त्याने जे लिहून ठेवलेलं होतं तेवढंच वाचलं.

रीबूटने आणखी दोन गोष्टी पुसल्या जातात. एक म्हणजे रॅममधला लॉग, म्हणजे बिघाड का झाला याचा एकमेव पुरावा. दुसरी, एरर-डिसेबल झालेल्या, म्हणजे बिघाड दिसल्यावर स्विचने स्वतः बंद केलेल्या, पोर्टची अवस्था. कुणीतरी एकाच केबलची दोन्ही टोकं भिंतीवरच्या दोन सॉकेटात घातली, लूप झाला आणि स्विचने पोर्ट बंद केला, असं समजा. रीबूटनंतर तो पोर्ट थोडा वेळ चालू दिसतो, सगळ्यांना हायसं वाटतं आणि लूप तिथेच राहतो. म्हणून "रीबूट केल्यावर दोन तास चालतं, मग पुन्हा तेच" अशी तक्रार आली की स्विच बदलण्याआधी लूप शोधा.

प्लगला हात लावण्याआधी

स्विचमध्ये शिरा. नेटवर्कवरून शिरता येत नसेल तर कन्सोल केबल, म्हणजे लॅपटॉप थेट स्विचला जोडणारी केबल, लावा. कॅटॅलिस्टसाठी स्पीड ९६००, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट आणि फ्लो कंट्रोल बंद. बऱ्याच इतर कंपन्यांच्या स्विचना ११५२०० लागतो. पडद्यावर अगम्य चिन्हांचा चिवडा दिसला तर केबल बहुधा चांगलीच असते, स्पीड चुकलेला असतो. काहीच दिसलं नाही तर एकदा एंटर दाबा आणि मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा नंबर तपासा. यूएसबी-सिरियल केबल दुसऱ्या यूएसबी पोर्टात घातली की हा नंबर बदलतो.

आत गेल्यावर आधी हे विचारा:

शो व्हर्जन
शो लॉगिंग
शो इंटरफेसेस स्टेटस
शो व्हीलॅन ब्रीफ
शो इंटरफेसेस ट्रंक
शो पॉवर इनलाइन

पुट्टीमध्ये (लॅपटॉपवरून स्विचला आज्ञा देण्याच्या प्रोग्रॅममध्ये) सेशन लॉगिंग चालू ठेवा, म्हणजे हे सगळं फाइलमध्ये उतरतं. रीबूटनंतर "आधी कोणते पोर्ट चालू होते?" हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर आठवणीतून देता येत नाही.

'शो व्हर्जन'मध्ये दोन ओळी बारकाईने वाचा. अपटाइम, म्हणजे स्विच किती दिवस चालू आहे. आणि शेवटचा रीबूट कशामुळे झाला. तिथे 'पॉवर-ऑन' लिहिलेलं असेल तर वीज गेली होती. तसं वारंवार दिसत असेल तर स्विचला दोष देण्याआधी यूपीएस तपासा. ऑफिसात घरगुती इन्व्हर्टर लावलेला असतो आणि तो यूपीएस मोडवर नसतो. महावितरणची लाइट जाऊन बॅटरीवर येताना जो क्षण जातो तेवढ्यात स्विच झटका खातो. वळवाच्या पावसाच्या दिवसांत, रोज संध्याकाळी लाइट येते-जाते तेव्हा, हे सगळ्यात जास्त दिसतं.

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी, दोन प्रतींमधला फरक:

शो आर्काइव्ह कॉन्फिग डिफरन्सेस एनव्हीरॅम:स्टार्टअप-कॉन्फिग सिस्टम:रनिंग-कॉन्फिग

ज्या ओळीपुढे अधिकचं चिन्ह आहे ती चालू आहे पण सेव्ह नाही. वजाचं चिन्ह असेल तर ती सेव्ह आहे, पण कुणीतरी चालू कॉन्फिगमधून काढली आहे. प्रत्येक ओळ वाचा आणि ठरवा: ही हवी की नको? हव्या असलेल्याच ओळी उरल्यावर सेव्ह करा:

कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग

'राइट मेमरी' लिहिलं तरी बहुतेक मॉडेलवर तेच होतं.

फरक न वाचता सेव्ह करणं हीसुद्धा चूकच आहे. आज सकाळी कुणीतरी केलेल्या बदलामुळेच नेटवर्क पडलं असेल, तर सेव्ह केल्यावर तोच बिघाड कायमचा होतो. 'रीलोड' टाइप केल्यावर स्विच विचारतो, कॉन्फिगरेशन बदललंय, सेव्ह करू का? सवयीने 'येस' दाबू नका. बिघाड ताज्या बदलातून आला असेल तर तिथे 'नो' हेच औषध असतं. स्विच जुन्या, चालत्या कॉन्फिगवर परत येतो.

एचपी-अरुबाच्या जुन्या स्विचवर 'शो कॉन्फिग स्टेटस' ही आज्ञा दोन्ही प्रती सारख्या आहेत की नाही ते एका वाक्यात सांगते. टीपी-लिंक, डी-लिंक यांच्या वेबवरून चालणाऱ्या स्विचवर 'अप्लाय' आणि 'सेव्ह' ही दोन वेगळी कामं आहेत. फक्त अप्लाय केलेलं रीबूटला जातं. मायक्रोटिकमध्ये उलटं आहे. तिथे सेव्हचं बटणच नाही, बदल केला की लगेच कायम होतो. म्हणून टर्मिनलमध्ये बदलाआधी कंट्रोल-एक्स दाबून सेफ मोड चालू करा. जोडणी तुटली तर त्या सेशनमधले बदल आपोआप मागे जातात. ज्युनिपरमध्ये 'कमिट' केल्याशिवाय काहीच लागू होत नाही.

प्रत्यक्ष रीबूट

वेळ ठरवा. हंगामात काट्याचा स्विच दिवसा बंद करायचा नाही, फाउंड्रीत पाळी बदलताना हजेरीच्या मशीनचा नाही. पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा) स्विच असेल तर त्यावरचे कॅमेरे, वायफाय आणि फोन यांचीही वीज जाते. ते पुन्हा उठायला स्विचनंतर आणखी एक-दोन मिनिटं घेतात. गेटवरच्या माणसाला आधी कळवा.

शक्य तिथे 'रीलोड' आज्ञेनेच रीबूट करा, प्लग ओढून नको. ज्युनिपरच्या स्विचवर तर हे कटाक्षाने पाळा. आत पूर्ण फाइल सिस्टम असते आणि अचानक वीज तोडली की ती खराब होऊ शकते. तिथे आधी 'रिक्वेस्ट सिस्टम हॉल्ट' द्या, मग वीज काढा. स्टॅक (एकत्र जोडून एकासारखे चालणारे स्विच) असेल तर नुसत्या 'रीलोड'ने सगळेच स्विच बसतात. एकच हवा असेल तर 'रीलोड स्लॉट २' असा क्रमांक द्या.

प्लग काढावाच लागला तर निदान १५ सेकंद थांबून लावा. एक्स्टेन्शन बोर्डाचं बटण दाबू नका, त्याच बोर्डावर कॅमेऱ्यांचा रेकॉर्डरही असतो. आणि मोड बटणाला उगाच हात लावू नका. २९६० मालिकेत ते सुमारे दहा सेकंद दाबून धरलं तर स्विच कॉन्फिग टाकून फॅक्टरी अवस्थेत जाऊ शकतो. पुढच्या पॅनलवर दिसणारं एकमेव बटण ते असल्यामुळे फोनवरून "बटण दाबून रीस्टार्ट करा" असं कुणालाही सांगू नये.

आता थांबा. २९६० ला साधारण ३ ते ५ मिनिटं लागतात, ९३०० सारख्या मोठ्या स्विचला जास्त. सिस्ट दिवा हिरवा लुकलुकत असेल तर स्वतःची तपासणी चालू आहे. स्थिर हिरवा म्हणजे तयार. केशरी राहिला तर बिघाड आहे. "दोन मिनिटं झाली, अजून येईना" म्हणून मध्येच पुन्हा वीज तोडणं हा सगळ्यात महागडा उतावळेपणा आहे, विशेषतः फर्मवेअर अपडेटनंतरच्या पहिल्या रीबूटला.

स्विच उठला तरी संगणकावर लगेच नेट येत नाही. पोर्टवर 'स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट' नसेल तर जुन्या स्पॅनिंग-ट्रीमध्ये (लूप टाळणाऱ्या व्यवस्थेत) पोर्ट १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो, मग सोडतो. तेवढ्यात संगणक आयपी मागून थकतो आणि स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतो. तसा पत्ता दिसला तर केबल एकदा काढून लावा. नंतर फक्त संगणक, प्रिंटर, कॅमेरे यांच्या पोर्टवर पोर्टफास्ट लावा. दुसऱ्या स्विचला जाणाऱ्या पोर्टवर कधीही नको.

लांबून बदल करताना

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि रस्ता बंद झाला. शहरातला माणूस पलीकडच्या एमआयडीसीत जाऊ शकत नव्हता. असा दिवस कोल्हापुरात पुन्हा येणार हे धरूनच काम करावं. लांबून केलेल्या बदलाने स्विच हातातून सुटला, तर तिथे कन्सोल केबल घेऊन जाणारं कुणी नसेल.

सर्वात जास्त घात करणारी एकच ओळ आहे. ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या पोर्टवर, व्हीलॅन १०, २० चालू आहेत आणि ३० घालायचा आहे. घाईत लिहिलं जातं:

स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०

याचा अर्थ "३० सुद्धा" नाही, "फक्त ३०" असा होतो. १० आणि २० त्याच क्षणी तुटतात, आणि तुम्ही १० वरून आत आला असाल तर तुमची खिडकीही गोठते. बरोबर ओळ अशी:

स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन अ‍ॅड ३०

अशा कामाआधी चालतं कॉन्फिग सेव्ह करा आणि मग 'रीलोड इन १०' द्या. आता बदल करा, पण सेव्ह करू नका. संपर्क तुटला तर हात बांधून दहा मिनिटं बसा. स्विच आपोआप रीबूट होऊन जुन्या कॉन्फिगवर येईल. सगळं नीट चाललं तर लगेच 'रीलोड कॅन्सल', 'शो रीलोड' ने खात्री, आणि मग सेव्ह. कॅन्सल करायला विसरलात तर भर कामात स्विच बसतो आणि तुमचा बदलही जातो. म्हणून मोबाइलवर आठ मिनिटांचा गजर लावा.

सिस्कोच्या स्विचमधल्या नवीन आयओएस सॉफ्टवेअरवर याहून चांगली सोय आहे. आर्काइव्ह (जुन्या प्रती ठेवण्याची सोय, ती पुढे दिली आहे) चालू असेल तर 'कॉन्फिगर टर्मिनल रिव्हर्ट टायमर १०' ने आत जा. दहा मिनिटांत 'कॉन्फिगर कन्फर्म' दिलं नाही तर स्विच रीबूट न होताच मागे जातो. ज्युनिपरचं 'कमिट कन्फर्म्ड १०' तेच करतं.

बॅकअप, आणि त्यात न येणाऱ्या गोष्टी

एकदा हे लिहून ठेवा:

आर्काइव्ह
पाथ फ्लॅश:बॅकअप
मॅक्सिमम १०
राइट-मेमरी

यापुढे प्रत्येक सेव्हला एक जुनी प्रत फ्लॅशमध्ये राहते. मागे जायचं तर 'कॉन्फिगर रिप्लेस' आणि त्या फाइलचं नाव. नुसती जुनी फाइल रनिंग-कॉन्फिगवर कॉपी करू नका. कॉपीने ओळी मिसळतात, नको असलेल्या ओळी निघत नाहीत. रिप्लेस खरोखर जागा बदलतो.

पण फ्लॅशमधली प्रत स्विचबरोबरच जळते. एक प्रत बाहेर हवीच, टीएफटीपी किंवा एससीपी या फाइल पाठवण्याच्या पद्धतींनी. टीएफटीपीला यूडीपी पोर्ट ६९ लागतो, आणि लॅपटॉपवर फाइल येत नसेल तर दहापैकी नऊ वेळा विंडोज फायरवॉल आडवा असतो. बाहेरची प्रत पुरात बुडणार नाही अशा ठिकाणी ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र टाकू नका. कॉन्फिगमधले टाइप ७ चे पासवर्ड कुणीही उलटवू शकतो, आणि एसएनएमपीची (स्विचवर लांबून नजर ठेवण्याच्या पद्धतीची) कम्युनिटी, म्हणजे तिचा पासवर्ड, तर उघडीच लिहिलेली असते.

बॅकअप आहे म्हणून निर्धास्त असलेला माणूस नवीन स्विचवर तो चिकटवतो आणि अडकतो. कारणं तीन. पहिलं, व्हीटीपी (स्विचमध्ये व्हीलॅनची यादी वाटून घेण्याची पद्धत) सर्व्हर मोडमध्ये व्हीलॅनची यादी कॉन्फिगमध्ये नसते. ती 'व्हीलॅन डॉट डॅट' या वेगळ्या फाइलमध्ये असते. पोर्टवर 'अ‍ॅक्सेस व्हीलॅन ३०' दिसतं, पण व्हीलॅन ३० अस्तित्वातच नसतो. व्हीटीपी ट्रान्सपरंट मोडवर ठेवलं तर यादी कॉन्फिगमध्ये येते, आणि लहान नेटवर्कला तेच बरं. याच कारणाने 'राइट इरेज' केलेला जुना स्विच कोरा नसतो, व्हीलॅन डॉट डॅट वेगळी पुसावी लागते. दुसरं, एसएसएचची (लांबून सुरक्षितपणे आत शिरण्याची) किल्ली बॅकअपमध्ये नसते, 'क्रिप्टो की जनरेट आरएसए' नव्याने द्यावं लागतं. तिसरं, 'नो शटडाउन' ही ओळ बॅकअपमध्ये उमटत नाही. मॅनेजमेंटचा आयपी व्हीलॅन १ वर असेल आणि तो इंटरफेस बंद असेल, तर ती ओळ हाताने द्या.

रॅकच्या दारावर आतून एक कागद चिकटवा. "१२ जून, पोर्ट १४, कॅमेरा, व्हीलॅन ३०, सेव्ह केलं, बॅकअप घेतला." एवढंच. फाउंड्रीत तो प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, नाहीतर काजळी बसून महिन्यात वाचता येत नाही. तीच काजळी आणि लोखंडाचा भुगा स्विचच्या पंख्यातही जातो. भुगा वीजवाहक असतो. रीबूटसाठी स्विच बंद केलाच आहे तर ब्लोअरने साफ करून घ्या. शॉपमधल्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिच्यात पाणी आणि तेल असतं.

सॉफ्टवेअर बदलताना

आधी 'डिर फ्लॅश:' ने मोकळी जागा पाहा. जागा करण्यासाठी चालू इमेज (स्विचच्या सॉफ्टवेअरची फाइल) पुसू नका, परतीचा रस्ता तोच आहे. नवी फाइल आणल्यावर 'व्हेरिफाय /एमडीफाइव्ह' चालवा आणि आलेला आकडा कंपनीने दिलेल्या आकड्याशी जुळवा. अर्धवट उतरलेली फाइल यादीत अगदी शहाण्यासारखी दिसते.

२९६० वर 'बूट सिस्टम' मध्ये फाइलचं नाव टाइप न करता 'डिर'मधून कॉपी करा. सेव्ह करून 'शो बूट' पाहा. नाव बरोबर हवं आणि मॅन्युअल बूट 'नो' हवा. तो 'येस' असेल तर स्विच उठतो, पण 'स्विच कोलन' अशा ओळीवर थांबून वाट बघत राहतो. तिथे अडकलात तर घाबरू नका. 'फ्लॅश_इनिट', मग 'डिर फ्लॅश:', मग 'बूट' आणि जुन्या इमेजचं नाव दिलं की तो उठतो.

९००० मालिकेत इन्स्टॉल मोड आहे: अ‍ॅड, अ‍ॅक्टिव्हेट, कमिट. अ‍ॅक्टिव्हेटनंतर स्विच नव्या सॉफ्टवेअरवर उठतो, पण कमिट दिलं नाही तर ठरलेल्या वेळेनंतर (मूळ सेटिंग १२० मिनिटं) जुन्यावर परत जातो. संध्याकाळी अपग्रेड करून कमिट न देता घरी गेलेल्या माणसाला सकाळी जुनंच व्हर्जन दिसतं, त्याचं कारण हे.

पासवर्ड रिकव्हरी केलेल्या स्विचवर एक गोष्ट मुद्दाम तपासा: स्टार्टअप-कॉन्फिग दुर्लक्षित करण्याची सेटिंग मागे राहिलेली असू शकते. मग कितीही वेळा सेव्ह केलं तरी प्रत्येक रीबूटला स्विच कोरा उठतो. अशा स्विचवर सगळं कॉन्फिग लावून सेव्ह केल्यावर, तुम्ही जागेवर असतानाच एकदा रीबूट करून पाहा, आणि व्हीलॅन, ट्रंक, पीओई आधीच्या नोंदीशी जुळवल्यावरच रॅकचं दार लावा.